केवळराम म्हणे

माणसाची मिशी आणि माणसाचं नाव, दोन्ही जपावी लागतात. पण मिशी निदान आपल्या तोंडावर असते. नाव लोकांच्या तोंडावर असतं, आणि तिथं ते कसं राहील हे नाव असणाऱ्याच्या हातात नसतं.

मोहटोल्याच्या केवळरामची मिशी अशी, की तो डोंग्यातून जाळं ओढायला वाकला की तिची टोकं तळ्याच्या पाण्याला लागत, असं मंगरू ढोलकीवाला सांगे. मंगरूच्या बोलण्यातलं अर्धं सोडून दिलं तरी उरलेली मिशी काही लहान नव्हती. अड्याळहून आत वळलं की धानाच्या बांध्या, बांध्या संपल्या की तळं, आणि तळ्याच्या पाळीवर केवळरामचं घर. सकाळी मासे धरायचे, दुपारी जाळं सांधायचं आणि सांधता सांधता गाणं जुळवायचं, हा त्याचा वर्षभराचा धंदा. दिवाळी सरली की या मुलखात गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, जिलेबीच्या कढया रस्त्यावर मांडल्या जातात आणि भर दुपारी उघड्यावर गाण्या-सोंगांची दंडार उभी राहते. तेव्हा केवळराम फेटा बांधून पुढं, मंगरू ढोलकी घेऊन मागं, अशी दोघांची जोडी ठरलेली.

त्याचं झिंग्याचं गाणं जन्मलं ते जेवणाच्या ताटात. सखाबाईनं झिंग्यांची भाजी केली होती. केवळराम बोटं चाटत जेवला, आणि ताटाच्या काठावर झिंग्यांच्या लांब लांब मिशा तेवढ्या उरल्या. ताट उचलता उचलता सखाबाई म्हणाली, "भाजी होऊन गेली बिचाऱ्याची, पन मिशीचा थाट काही गेला नाही."

हे बोलताना ती झिंग्याकडं पाहत नव्हती.

केवळरामला हसू आलं. हसू ओसरायच्या आत त्यानं शेवटचं कडवं जुळवलं, आणि मग उलटं चालत चालत पहिल्यापर्यंत गेला. पहिलं असं होतं:

झिंगा चालला लगनाले, मिशीले देऊन पीळ
पाठीत नाही हाड एक, तोंडात मोठी शीळ

मग मरळीनं नवरी सजवली, कासव मांडवात उशिरा आलं, बेडकांचा बँड लागला. अशी कडव्यामागून कडवी चढत गाणं शेवटाला येई:

झिंग्याची झाली भाजी बाई, मिशी राहिली ताटात
केवळराम म्हणे मिशीवाल्या, नको मिरवू थाटात

शेवटच्या ओळीत शाहिराचं नाव. ही रीत केवळरामच्या आज्याच्या आज्यापासूनची. आधी पंगत वाढायची, सगळ्यांची जेवणं होऊ द्यायची आणि मग हळूच सांगायचं की रांधलं कोणी. ऐकणाऱ्यांनाही ते ठाऊक असे. शेवटाला आलं की म्हातारी माणसं मान पुढं करत, आता नाव येते म्हणून.

मागच्या मंडईत कोणीतरी ते गाणं मोबाईलवर धरलं. धरणारा विजेच्या खांबामागं उभा होता, त्यामुळं चित्रात दिसत होता एक खांब आणि मंगरूचं कोपर. आवाज मात्र लख्ख. अर्ध्या मिनिटाचा तुकडा होता, झिंगा लग्नाला निघून शीळ घालतो आणि संपतो. तो तुकडा असा सुटला, की जाळ्यातून निसटलेली मरळ काय सुटेल. लाखांदूरच्या लग्नात नवरदेव त्यावर नाचले, शहापूरच्या धाब्यावर तो वाजला. भैय्याजी डीजेवाल्यानं त्याखाली धमधम घातली आणि वर आपलं नाव लिहिलं: 'झिंगा फेम भैय्याजी'.

केवळरामला हे कळलं ते एस.टी.त. टोपलं मांडीवर घेऊन तो लाखांदूरला चालला होता. पुढच्या बाकावरच्या माणसाच्या हातात त्याचाच आवाज शीळ घालू लागला. केवळराम टोपल्यासकट पुढं वाकला.

"हे माहं गानं होय जी."

"सगळ्याइचंच होय, काकाजी," तो माणूस वळून न पाहता म्हणाला.

"तसं नाही. मी गायलो हे."

आता त्यानं वळून पाहिलं. मिशी पाहिली, टोपलं पाहिलं. "गानारा तर मेला म्हनतात. खाली लोकाइनं श्रद्धांजली लिहून ठेवली ना. हे पाहा."

केवळरामनं पाहिलं. हात जोडलेली पुष्कळ चित्रं होती. एकानं लिहिलं होतं, देव त्याच्या खांबाला शांती देवो. घरी आल्यावर त्यानं हे सांगितलं तेव्हा सखाबाईनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मंगरूला दुःख झालं ते वेगळंच.

"म्हंजे माह्या कोपराले कोनीच नाही ओळखलं?"

मेल्याचंही केवळरामनं फार मनाला लावून घेतलं नसतं. पण दिवाळीआधी सासुरवाडीचं पत्रक आलं. तिथल्या मंडईत 'झिंगा फेम भैय्याजी' यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, आणि दुपारी 'इतर दंडारी'. सखाबाईचं माहेर ते. ज्या गावात तो जावई, ज्या गावात त्याच्या ताटाखाली अजून पाट येतो, त्या गावात त्याचं गाणं दुसऱ्याच्या खांद्यावर शालीसारखं पडणार, आणि तो बसणार इतरांत. केवळराम दोन घास कमी जेवला. मिशीलाही पीळ दिला नाही.

"जीव नोका जाळू," सखाबाई म्हणाली. "ज्याइले माहीत आहे त्याइले माहीत आहे."

"ज्याइले माहीत आहे ते म्हातारे झाले," केवळराम म्हणाला आणि सरळ अड्याळची वाट धरली.

अड्याळला संघपालचं मोबाईलचं दुकान. संघपाल दिवसा मोबाईल उघडून बसे आणि जयंतीच्या दिवसांत भीमगीतांच्या पार्टीत कीबोर्ड वाजवी, म्हणून गाण्याचं दुखणं त्याला समजे. त्यानं तुकडा ऐकला, थांबवला आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर कानावर खोचला.

"तुमचं नाव कुठं येते, काकाजी?"

"शेवटी. जिथं यावं तिथं."

"तिथंच गोष्ट फसली. आमच्या गीतातही कवीचं नाव शेवटीच येते. पन लोकाइचा अंगठा पाहा." त्यानं आपला अंगठा काचेवर वर सरकवून दाखवला, जशी कोणी पानावरची माशी हाकलावी. "शेवटपर्यंत कोन जाते आता? पंगतीत भात येते न येते तो उठून राहिले लोक. तुमचं नाव ताकासंगं येऊन राहिलं."

"मंग कसं गा करावं?"

"नाव आधी घ्या. पयल्याच घासात."

केवळराम उठून उभाच राहिला. हे काही साधं सांगणं नव्हतं. दुकानाबाहेर जाऊन तो पानठेल्यापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मिशीला पीळ होता.

चार दिवसांनी संघपाल पाळीवर आला. केवळराम डोंग्यात बसला, मंगरू त्याच्यासमोर, आणि संघपाल गुडघाभर पाण्यात मोबाईल धरून. मंगरूनं आधीच सांगून ठेवलं होतं की कोपर नको, तोंड घ्यायचं. मागं शिंगाड्याचे वेल पसरलेले, वर एक बगळा. केवळरामनं घसा खाकरला आणि सुरू केलं:

केवळराम म्हणे, ऐका हो, झिंगा चालला लगनाले

पाळीवर सखाबाई शिंगाडे निवडत होती. तिचा हात थांबला. "जेवनाच्या आधीच ढेकर?" ती म्हणाली.

ढेकर मोठी होती. आठवडाभरात ती जिल्हाभर ऐकू गेली.

पण कशी गेली ते ऐका. भैय्याजी डीजेवाल्याच्या हातात ते नवं गाणं पडलं. त्यानं कान लावला आणि त्याला झिंगा नकोसा झाला. त्याला फक्त पहिले दोन शब्द आवडले. ते त्यानं कापून घेतले, एकापुढं एक जोडले आणि धमधम चढवली: केवळराम म्हणे, केवळराम म्हणे, म्हणे म्हणे म्हणे, केवळराम म्हणे. झिंगा लग्नाला निघतच नव्हता. तो बिचारा मिशी पिळून दारातच उभा.

आणि केवळराम काय म्हणे, हे ज्याचं त्यानं भरायचं ठरलं. बाजारात भाजीवाली ओरडू लागली, "केवळराम म्हणे, वांगे ताजे." शाळेत पोट्टे रांगेत उभे राहून नवा खेळ खेळू लागले. एकानं सांगायचं, "केवळराम म्हणे, खाली बसा," की सगळे बसणार. नुसतंच "उभे राहा" म्हटलं आणि कोणी उभा राहिला, तर तो बाद. एका लग्नात भटजीही म्हणाले म्हणतात, केवळराम म्हणे, सावधान.

नाव झालं. भरपूर झालं. पहिले दोन-तीन दिवस केवळराम बाजारातून मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी आला. मग माणसं दाराशी येऊ लागली.

आधी आली पवनीकडची एक बाई, पदरात सुकलेली वांगी घेऊन. "तुमीच का केवळराम? तुमी म्हनलं म्हनून घेतले. आतून किडके निंगाले."

"मी कुठं म्हनलो, माय?"

"सारा बाजार ऐकून राहिला होता. तुमीच म्हनता ताजे."

मग शहापूरचा एक शेतकरी आला, दोरीला एक बैल बांधून. बैल मोठा शांत होता, इतका की नांगराला जुंपला की बसून घेई. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, केवळराम म्हणे, वाघासारखा चालते. शेतकऱ्याचं म्हणणं एवढंच होतं की एकदा तुम्हीच त्याला सांगून पाहा, तुमचं ऐकेल. केवळराम कंटाळून म्हणाला, "ऊठ बाप्पा." बैल उठला. शेतकरी पाया पडून गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून दाराशी आणखी जनावरं आली.

या साऱ्या गदारोळात एकच माणूस असं होतं की ज्याच्या तोंडी ते दोन शब्द आले नाहीत. सखाबाई. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. लग्नाच्या मांडवात एकदा उखाण्यात घेतलं, मग नागपंचमीला बायांनी दार अडवलं तेव्हा एकदा, बस. आता दाराशी लोक विचारत, "केवळराम कुठं आहे?" तर ती हातानं तळ्याकडं दाखवी. शेजारच्या पोट्ट्यांनी तिला खेळात घेतलं, तर ती म्हणे, "ते म्हनतात, खाली बसा." पोट्टे म्हणत, "ते कोन? तू बाद." सखाबाई रोज बाद होई आणि मुकाट्यानं शिंगाडे निवडायला बसे.

"तुझ्या माहेरच्या मंडईत तरी आता माहं नाव होईन," केवळराम तिला म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"नाव तं झालंच," ती म्हणाली. "गानं कुठं गेलं?"

यावर तो जाळं सांधू लागला. जाळं फाटलेलं नव्हतं.

मंडईच्या दिवशी दुपारी तो, मंगरू आणि सखाबाई सासुरवाडीला उतरले. वेशीपासून जिलेब्यांचा वास, फुगे, पाळणे, आणि या सगळ्यावर भैय्याजीचा डीजे, बैलगाडीएवढ्या डब्यांतून केवळराम म्हणे, म्हणे, म्हणे करत असलेला. घरांच्या कौलांवरची धूळ तालात उडत होती. भैय्याजी स्वतः काळा चष्मा लावून वर उभा, गळ्यात हार आधीच घातलेला. मनानं वाईट नव्हता तो. आपण दोन शब्द कापून आणले, त्यांच्या मागं एक माणूस असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मंचाशी मंडईचे अध्यक्ष उभे होते, नात्यानं सखाबाईचे चुलतभाऊ. त्यांनी हात जोडले. "भाऊजी, या. भैय्याजीले हार झाला, शाल आता केवळरामाले देऊ म्हनलं. पन जरा अडचन झाली. केवळराम म्हनून आधीच दोघं येऊन बसले."

खरंच दोघं बसले होते. एकाची मिशी काजळाची होती आणि घामानं हनुवटीवर आली होती. दुसऱ्याची चिकटवलेली, आणि तो चहा पिताना ती एका हातानं धरून पीत होता. केवळरामला पाहून त्यानं आदरानं विचारलं, "तुमची कोनत्या डिंकाची?"

"पब्लिक तीनही केवळरामाइले ऐकेन," अध्यक्ष म्हणाले. "मंग जो खरा वाटते त्याले शाल."

पहिल्यानं केवळराम म्हणे म्हटलं आणि पुढचं त्याला येत नव्हतं, म्हणून तेच पुन्हा म्हटलं. लोकांना फरक पडला नाही. दुसऱ्यानं शीळ घालेपर्यंत गाठलं आणि मिशी शिळीबरोबर सुटून पहिल्या रांगेत पडली. खरा केवळराम पुढं आला. मंगरूनं ढोलकीवर थाप दिली.

"केवळराम म्हणे..."

"काय म्हणे?" सगळं मैदान एका आवाजात ओरडलं.

तो थांबला. पुन्हा सुरू केलं. "केवळराम म्हणे, ऐका हो..."

"काय म्हणे?" आणि वरून डीजेची धमधम. लोकांचे मोबाईल हातभर वर आलेले, जसे शिंगाड्याच्या वेलावर डोळेच डोळे उगवावेत. त्याचं नाव सगळ्यांना येत होतं, आणि त्या नावामुळंच त्याला गाता येत नव्हतं. पहिल्या घासातच पंगत उठत होती. समोर माहेरच्या बायांत सखाबाई बसली होती. ती ओरडत नव्हती. मान पुढं करून वाट पाहत होती, जुनी माणसं गाणं शेवटाला येताना पाहत तशी. तिची ती मान केवळरामच्या मनात कुठं तरी लागली.

मंगरू दातांतून म्हणाला, "उतरायचं का गा?"

केवळरामनं मिशी दोन बोटांत धरली आणि सोडून दिली. मग मोठ्यानं म्हणाला, "केवळराम म्हणे, खाली बसा."

मैदान बसलं. खरोखरच बसलं. हसत, एकमेकांना ढकलत, म्हातारेकोतारेसुद्धा. जिलेबीवाला झारा हातात धरून कढईशेजारी बसला. दोन्ही खोटे केवळरामही बसले.

"केवळराम म्हणे, मोबाईल खिशात."

सगळे मोबाईल खिशांत गेले. ज्यांना खिसे नव्हते त्यांनी पदरात घेतले. ज्यानं ठेवला नाही त्याला शेजाऱ्यांनीच बाद केलं.

"डीजे बंद," केवळराम म्हणाला.

भैय्याजीचा हात बटणावर गेला तोच पोट्टे ओरडले, "बाद, बाद. केवळराम म्हणे नाही म्हनले." भैय्याजी गोंधळून तसाच थांबला. खेळाच्या रीतीनं तो चुकत होता, आणि एवढ्या लोकांपुढं बाद व्हायचं म्हणजे गळ्यातल्या हाराचं काय.

"केवळराम म्हणे," केवळराम आता हसत म्हणाला, "डीजे बंद."

बंद झाला. कौलांवरची धूळ खाली बसली. इतकं शांत झालं की कढईतला पाक ऐकू यावा.

"केवळराम म्हणे, ऐका. अन् आता तो काही म्हनत नाही."

मग त्यानं गाणं सुरू केलं, जुन्या रीतीनं, नावाशिवाय. झिंगा एवढे दिवस दारात उभा होता, तो शेवटी लग्नाला निघाला. मरळीनं नवरी सजवली. कासव उशिरा आलं आणि लोक हसले, बेडकांच्या बँडवर मंगरूनं असं वाजवलं की अध्यक्षांची टोपी हलू लागली. पुष्कळांना या कडव्यांचा पत्ताच नव्हता. एक तरुण शेजाऱ्याला विचारत होता, "हे पुढचं केव्हा निंगालं?"

गाणं शेवटाला आलं. म्हाताऱ्यांनी माना पुढं केल्या.

झिंग्याची झाली भाजी बाई, मिशी राहिली ताटात

इथं त्याचं नाव. तोंडात आलंच होतं ते, इतक्या वर्षांची सवय. पण समोर सखाबाई होती. ताट उचलणारा तोच हात हनुवटीखाली होता, आणि हे गाणं जिच्या एका बोलण्यातून निघालं तिला या कडव्यात कधी कोणी बसायला पाट दिला नव्हता. केवळरामनं ढोलकीची एक मात्रा जाऊ दिली.

सखाबाई म्हणे मिशीवाल्या, नको मिरवू थाटात

क्षणभर कोणाला काही समजलं नाही. मग बायांच्या घोळक्यातून एक म्हातारी मामी म्हणाली, "अवो, जवायानं नाव घेतलं." आणि सगळं माहेर हसत सुटलं. चारचौघांत, भर मंडईत, बिनउखाण्याचं. सखाबाईनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते, पण या वेळी हसण्यानंच हलत होते असं सांगता येत नाही.

शाल निघाली तेव्हा अध्यक्षांची पंचाईत झाली. खऱ्या केवळरामला द्यायची ठरली होती, आणि शेवटी नाव तर दुसरंच आलेलं. जुनी माणसं म्हणाली, ज्याचं नाव शेवटच्या कडव्यात त्याचं गाणं, याच्यात विचारायचं काय. शाल सखाबाईच्या खांद्यावर पडली. नारळ मंगरूनं न विचारता उचलला आणि कोपराखाली धरला.

भैय्याजी चष्मा काढून मंचाशी आला. डोळे लहान आणि मवाळ होते. "काकीजी, शेवटची ओळ कोनीच नाही ना धरली. मोबाईल खिशात होते साऱ्याइचे. एकदा म्हनून देता का? मी वाजवतो."

सखाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो मिशी कुरवाळत होता आणि आभाळाकडं पाहत होता.

"धरून काय करशीन, बाप्पा," ती म्हणाली. "आधी झिंग्याले मांडवात नेजो, कासवाची वाट पाहिजो, साऱ्याइले जेवू घालजो. मंग शेवटी ते आपोआप येते."

"लयच लांब आहे ते, काकीजी."

"मंग बस," सखाबाई म्हणाली. "ते म्हनतात, खाली बस."

मागचे पोट्टे "बाद, बाद" करत ओरडलेच. पण भैय्याजी बसला.